नजरचुकीने

आमच्या पदाचं नाव अतिरिक्त जिल्हा आरोग्य अधिकारी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्यांच्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणजे पट घटल्यामुळे नको झालेला मास्तर, ज्याचं दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत समायोजन करायचं असतं. माझ्या बढतीचा आदेश आला तेव्हा तिनं तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “मग तुमचं समायोजन कुठं करणार आहेत?” पुढे वाशीममध्ये काढलेल्या वर्षांत हा प्रश्न मला वेळोवेळी आठवत गेला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी “खात्यातले गमतीचे किस्से लिहा” असं सांगितलं होतं. कोरोनात आम्ही काय केलं ते मी लिहिणार नाही, ते सगळ्यांनी लिहून झालंय. गमतीचा एक किस्सा सांगतो. त्यानंतरचा गमतीचा नाही, आणि संपादकांनी तो गाळला तर माझी तक्रार नाही.

आधी बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते सांगायला हवं. खात्याचे प्रमुख बैठकांना जातात. आज अमरावती, उद्या पुणे, परवा मुंबई. मागे जे उरतं ते अतिरिक्ताचं. पत्रांचे मसुदे, आरोग्य केंद्रांच्या तपासण्या, साथी, तक्रारी, औषधांचा तुटवडा आणि मृत्यू. चांगलं झालं की फोटोत साहेब, वाईट झालं की जागेवर आपण. हे मी कुरकुरत सांगत नाही. मला ते काम आवडायचं. माझा मसुदा सहसा कोणी दुरुस्त करत नसे, याचा मला अभिमानही होता.

तर किस्सा. रेल्वेलाईनच्या कडेच्या एका गावात मी दर महिन्याला पाण्याची तपासणी करायचो. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकलेली असायची, नळाच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की लागलीच रंग यायचा, आणि मी ‘पाणी शुद्ध’ लिहून निघायचो. एकदा एका म्हातारीनं जीपपाशी येऊन सांगितलं, “सायेब, तुमी नोका येत जाऊ. तुमी आले का चहाले दवाखान्याचा वास येते.” गावातला पोऱ्या नव्हे, चांगला पगारी कर्मचारी, माझी जीप फाट्यावर दिसली की महिन्याची सगळी पावडर एकदम विहिरीत ओतायचा. मी हा किस्सा कितीतरी समारंभांत सांगून लोकांना हसवलं आहे. आपलेही कागद असेच असतील, असं तेव्हा मनात आलं नाही.

आता दुसरं. यातल्या दोन मुख्य गावांची नावं गाळली आहेत.

गावोगावच्या उपकेंद्रात एक परिचारिका असते. लोक तिला नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतात. तिच्या रजिस्टरमध्ये हद्दीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव असतं. ठरलेल्या तपासण्या झाल्या नाहीत की ते नाव ‘थकीत यादी’त जातं. यादी लांब झाली की वरून बोलणी बसतात. आमची यादी फार लांब होती, आणि त्याचं कारणही खरं होतं. दिवाळीनंतर डोंगराकडच्या वाड्या अर्ध्या रिकाम्या होतात, माणसं वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीला जातात. शिवाय पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. नर्सबाई दारात जाते तर दाराला कुलूप.

साहेब म्हणाले, “डॉक्टर, यादीचं काहीतरी करा.” मी केलं. एक पत्र काढलं की, जी गरोदर माता गावात नाही तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘बाहेरगावी’ लिहावं आणि तिला थकीत यादीतून वगळावं. महिन्याभरात यादी निम्म्याहून खाली आली. सुंठीवाचून खोकला गेला. बैठकीत साहेबांचं कौतुक झालं, आणि साहेबांनी, त्यांचा मोठेपणा, माझंही नाव घेतलं.

त्या पत्राच्या मसुद्यात आणखी एक वाक्य होतं. ‘अशी माता ज्या गावी गेली असेल तेथील उपकेंद्रास त्याच दिवशी फोनने कळवावे.’ लिपिक टाइप करून घेऊन आला आणि म्हणाला, “सर, एक ओळ खाली उतरून राह्यली. दुसरं पान होते.” आमचे साहेब दुसरं पान वाचत नसत. दोन पानी पत्र त्यांच्या टेबलावर आठ दिवस पडून राहायचं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “काढून टाक.” मसुद्यावर लाल पेनाने ती ओळ मी स्वतः खोडली.

पुढच्या हिवाळ्यात वैशाली गेली.

एकवीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. सासर डोंगराकडच्या वाडीत, माहेर तालुक्याच्या गावाजवळ, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात. दोन्हींत मोटरसायकलने तासाभराचंही अंतर नाही. बाई गरोदर असताना किंवा बाळंतपणात गेली की चौकशीला घरी जायचं काम अतिरिक्ताचं. चौथ्या दिवशी मी गेलो. सुतकाच्या घरी चहापाणी विचारत नाहीत, आपणही मागू नये. वैशालीची आई कौसल्याबाई भिंतीला टेकून बसली होती. आतून बाळ रडत होतं. मुलगी होती, वाचली होती.

आमच्या फॉर्ममध्ये तीन उशीर असतात. घरच्यांनी ठरवायला केलेला उशीर, गाडी मिळायला झालेला उशीर आणि दवाखान्यात उपचाराला झालेला उशीर. त्यातल्या एकावर खूण करायची.

“पाय सुजले होते जी,” कौसल्याबाई सांगत होत्या. “आमाले वाटलं, वावरात उभी राह्यते म्हणून सुजले. डोकं दुखते म्हणे, त बाम चोळला. त्या दिवशी सकायी मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. बांधता बांधताच पडली. झटका आला. म्या कांदा फोडून नाकाले लावला, तरी झटका थांबेना.”

रक्तदाब वाढला होता. पायांची सूज, डोकेदुखी, मग झटके. शेवटच्या वर्षाचा कुठलाही विद्यार्थी ओळखील. दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटं रक्तदाब पाहिला असता तरी कळलं असतं. माहेरी आल्यापासूनच्या दीड महिन्यात तो पट्टा कोणी बांधला नव्हता.

“कोणी तपासायला आलं होतं का?”

“इथली आशा वर्करबाई आलती एकडाव. नाव कोठी नोंदवलं म्हणे. म्या म्हटलं, सासरी हाये. मंग गेली थे.” मग त्यांनी मला विचारलं, “सायेब, पोरगी इकळं आली, हे तिकळच्या नर्सबाईले मालूम होतं. तिनं इकळं फोन काहून नाई केला?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कपाटात, लाल पेनाच्या रेघेखाली होतं, आणि ते मला तिथल्या तिथे आठवलं. मी खाली मान घालून जबाब लिहीत राहिलो. कौसल्याबाईंच्या तोंडून प्रश्न आला होता. कागदावर मी लिहिलं, ‘सासरच्या उपकेंद्रातील परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे माझ्या मुलीचा मृत्यू झाला, असे माझे म्हणणे आहे.’ त्यांना लिहिता-वाचता येत नाही. शाईचा डबा पुढे केला, अंगठा घेतला.

सासरच्या त्या नर्सबाई म्हणजे इंगोले सिस्टर. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी ज्या मोजक्या सिस्टरांची नावं नवीन मुलींना उदाहरण म्हणून सांगायचो त्यांतल्या त्या एक. वाडीवर रस्ता नव्हता तेव्हापासून पायी जाणाऱ्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये वैशालीच्या नावापुढे शेरा होता, ‘बाहेरगावी’. अक्षर सुंदर होतं.

आढावा बैठकीत हुकूम झाला की जबाबदारी निश्चित करा. साहेब मला केबिनमध्ये म्हणाले, “डॉक्टर, वरून रोज विचारणा आहे. कोणीतरी द्यावं लागेल.” खंडणी द्यावी तसं हे वाक्य ते बोलले, आणि मी ‘होय सर’ म्हणालो. इंगोले सिस्टरांना कारणे दाखवा नोटीस गेली. मसुदा अर्थातच माझा.

तिसऱ्या दिवशी सिस्टर उत्तर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. उत्तराला माझ्या पत्राची झेरॉक्स जोडलेली होती.

“सर, हे तुमचंच पत्र हाये. म्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याले आतून चिकटवून ठेवलं होतं, कोणी विचारलं त दाखवाले.”

“पण सिस्टर, फोन करू नका असं पत्रात कुठे आहे?”

“करा असंबी नाई ना सर. पह्यले आमी एकमेकींले लावत होतो फोन. यादीत नाव राहे, त ध्यानात राहे. तुमचं पत्र आलं अन् नावच यादीतून गेलं. तीन गावं, एक वाडी, इतके रजिस्टर अन् वरून मोबाईलमधी भरा. जे कोणी विचारत नाई थे राहून जाते, सर.”

एक शब्द चुकीचा नव्हता. मी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या आवाजात बोललो. म्हणालो, “हे उत्तर दिलंत तर प्रकरण कार्यालयावर येईल, वाढत जाईल आणि तुमची निवृत्ती त्यात अडकेल. हे परत घ्या. ‘नजरचुकीने कळवायचे राहिले, दिलगीर आहे’ एवढंच लिहून द्या. ताकीद मिळेल, विषय संपेल. पुढचं मी पाहतो.”

‘नजरचुकीने’ हा शब्द सरकारी कचेरीत मिठासारखा वापरतात. शिक्का राहिला, नजरचुकीने. तारीख चुकली, नजरचुकीने. मी स्वतः तो शेकडो वेळा लिहिला असेल, आणि कोणाच्या केसाला कधी धक्का लागला नाही. सिस्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

“तुमी म्हणता त लिहितो,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याच टेबलावर वाकून, माझ्याच पेनाने लिहून दिलं. पहिलं उत्तर घडी करून पर्समध्ये ठेवलं.

मी त्यांना फसवायचं ठरवून बोललो होतो का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. ताकिदीवर भागेल असं मला खरंच वाटत होतं. पण त्या बाहेर गेल्यावर मला हायसं वाटलं, आणि ते हायसं त्यांच्यासाठी नव्हतं. एवढं मला माहीत आहे.

ताकिदीवर भागलं नाही. शिक्क्याच्या चुकीला ‘नजरचुकीने’ लिहिलं तर ती चूक असते. मृत्यूच्या फाईलमध्ये तोच शब्द कबुली झाला. सिस्टर निलंबित झाल्या, विभागीय चौकशी लागली. फाईलमध्ये दोनच भक्कम कागद होते, सिस्टरांचं दिलगिरीपत्र आणि मृत मुलीच्या आईचा जबाब. दोन्ही मी मिळवलेले.

चौकशीत माझी साक्ष झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, “या बाबतीत कार्यालयाच्या सूचना होत्या का?” मी म्हणालो, “वेळोवेळी सविस्तर सूचना दिलेल्या आहेत.” ते रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. त्यांनी संबंधित पानाची साक्षांकित प्रत मागितली, ती मी दिली. पुठ्ठ्याची प्रत कोणी मागितली नाही. इंगोले सिस्टर समोरच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. त्यांनी ती पर्स उघडली नाही. मी ‘पुढचं पाहतो’ म्हणालो होतो, त्याची त्या वाट पाहत होत्या. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत राहिलो.

निलंबनातच त्या निवृत्त झाल्या. शाल नाही, नारळ नाही. ज्या आरोग्य केंद्रात शिपायालाही निरोप देताना वर्गणी काढतात, तिथे त्या दिवशी नेहमीसारखी ओपीडी चालू होती. वर्षभराने मी निवृत्त झालो तेव्हा सभागृह भरलं होतं. एका वक्त्यानं थकीत यादी कमी करण्याच्या पद्धतीला ‘वाशीम पॅटर्न’ असं नावही देऊन टाकलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि मी फेटा बांधून बसलो होतो.

या उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडवर इंगोले सिस्टर दिसल्या. मी पाठ फिरवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली, “सर, बरे हाय ना?” त्या आता जऊळक्याला मुलीकडे राहतात. इकडे कुठे, असं मी विचारलं.

“वैशालीच्या पोरीले पाहाले आलतो. महिन्यातून एकडाव येतो. लसी-गिसी इथली नर्सबाई देते सगळ्या, पण माह्यानं राहवत नाई.”

“घरचे बोलतात नीट?”

“कौसल्याबाई आत नाई घेत. कुंपणाशी उभी राह्यतो. पोरगी खेयताना दिसली का येतो परत.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “माही पोरगी तू खाल्ली म्हणते. तिचं काय चुकलं? तिले तसंच मालूम हाये.”

मी घाईघाईने म्हणालो की माझ्याकडे तो मसुदा आहे, मी वर लिहितो, फाईल पुन्हा उघडता येईल, अजून काही ओळखी आहेत.

“फाईल राहू द्या सर. नोकरी संपली आता, मले त्याचं काय? माहीबी चूक हाये. पत्र काईबी असो, फोन त मले लावता आला असता. थे मी कोणाले नाकारत नाई. पण म्या एकटीनं नाई केलं.” बस लागली होती. त्यांनी पिशवी उचलली. “तुमाले खरं सांगाचं असन, त कागदाले नोका सांगू. तिच्या मायले सांगा.”

मला तीन आठवडे लागले. किन्हीराजाकडे एका ओळखीच्या लग्नाला गेलो, तेव्हा येताना जाऊ म्हटलं आणि गेलो नाही. एकदा तर कौसल्याबाईंच्या वावराच्या फाट्यावरून गाडी परत वळवली. साथीच्या गावांत बिनधास्त शिरणारा माणूस मी. शेवटी एका सकाळी बायको म्हणाली, “जायचं असेल तर जा, नाहीतर रोज बूट घालून काढू नका.”

कौसल्याबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. आरोग्य खात्यातला तो साहेब, चौथ्या दिवशी आलो होतो, असं सांगितल्यावर ओळखलं. दोन वर्षांची नात वाफ्यातल्या पाण्यात हात आपटत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यादी, पत्र, दुसऱ्या पानावर उतरलेली ओळ, लाल पेन, सिस्टरांकडून लिहून घेतलेली दिलगिरी. सांगताना त्यांच्या हातांकडे पाहत होतो. हात थांबले नाहीत.

मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे थे ओळ राह्यली असती, त फोन आला असता?”

“हो.”

“अन् फोन आला असता त?”

“बहुतेक वाचली असती.”

“बहुतेक म्हणजे?”

डॉक्टर बहुतेक का म्हणतो ते मला समजावून सांगता आलं असतं. “वाचली असती,” मी म्हणालो.

हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. मग नातीकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि देतील तर बरं होईल. “ऐन उन्हात,” त्या म्हणाल्या, “ऐन उन्हात म्या त्या बाईले कुंपणाबाहेर उभी केली जी. पाणी नाई विचारलं.”

त्या उठून घरात गेल्या आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडून घेऊन आल्या. मागची बाजू कोरी होती.

“लिहून द्या.”

खिशाला पेन होतं. मांडीवर पान ठेवून मी लिहिलं. चार वाक्यं झाली. या वेळी कुठलाही कचेरीचा शब्द वापरला नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला नाही, आणि पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मांगच्या खेपेले तुमी नव्हतं वाचलं. म्या इचारलं एक अन् कागदावर काय उतरलं थे कोणी मले सांगतलं नाई. अंगठा त माहाच घेतला ना तुमी?”

मी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य माझ्या नावाने सुरू होत होतं. दुसरं वाक्य घाईने उरकून मी तिसऱ्यापर्यंत गेलो. तिथे कौसल्याबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे ओठ हलत होते.

“हळू वाचा, सायेब,” त्या म्हणाल्या. “मले वाचता येत नाई. थे बाई पुढच्या महिन्यात येईन, तवा तिच्यापुढं म्हनून दाखवाचं हाये. पाठ करू द्या.”

मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.